बायपासनंतरची मिसळ: वजनाच्या ऑपरेशननंतर आवडीचं खाणं परत कसं सुरू करायचं

रविवारी सकाळी नाशकात मिसळ खायला जायचं नाही, हे दुःख बाहेरगावच्या माणसाला सांगून कळत नाही. गंगापूर रोडला, मखमलाबादच्या बाजूला, मळ्यातल्या शेडखाली सकाळपासून गाड्या लागलेल्या असतात आणि अख्खं खानदान पापड मोडत बसलेलं असतं. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी मी पहिल्यांदा तिथे जाऊन बसले. पाच-सहा चमचे मटकी, चिमूटभर शेव, पापडाचा एक तुकडा, एवढ्यात पोट भरलं. वाढणारा पोरगा ताटाकडे बघून म्हणाला, "मावशी, आवडली नाही का? तर्री बदलून आणू?"

त्याला काय सांगणार! चार वर्षांपूर्वी माझं वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. शुगर होती, गुडघे गेले होते, रात्री श्वासाचं मशीन लावून झोपत होते. वजन कमी करायला पोटाचा बायपास झाला. आज वजन ७६ आहे. मी डॉक्टर नाही, डाएटिशियनही नाही. पण या चार वर्षांत काय खाल्लं, काय अडकलं, काय अंगावर उलटलं याची वही ठेवली आहे. नुकतंच ऑपरेशन झालेल्या ओळखीपाळखीच्या बायका फोन करून हमखास विचारतात, "वहिनी, आता आयुष्यभर वाफवलेलं पनीरच का?" नाही. मात्र मिसळ परत ताटात यायला एक क्रम आहे, आणि तो मोडला की शरीर लगेच दाखवून देतं.

आधी आपलं ऑपरेशन कोणतं, ते बघा

हसू नका, पण डिस्चार्ज कार्ड न वाचलेली माणसं मी पाहिली आहेत. वजनाच्या ऑपरेशनचे नेहमीचे प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. जठराच्या खालचा दरवाजा मात्र शाबूत राहतो, त्यामुळे अन्न आतड्यात जरा बेताने उतरतं. बायपासमध्ये वर साधारण ३० मिलीची लहानशी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. म्हणजे तो दरवाजा वाटेत लागतच नाही. गोड खाल्लं की ते धाडकन आतड्यात पडतं.

त्याने जे होतं त्याला डंपिंग म्हणतात. खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत पोटात कळ, घाम, धडधड, जुलाब, कुठेतरी आडवं व्हावंसं वाटणं, हा पहिला प्रकार. दुसरा जास्त फसवा आहे. खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली जाते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तेव्हा दुपारच्या जिलेबीची आठवणही राहिलेली नसते. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं, काहींना कधीच होत नाही. स्लीव्हवाल्यांची तक्रार बहुतेक वेळा वेगळी असते, घशाशी येणारं आंबट पाणी. त्यांना गोडापेक्षा तर्री आणि तळण जास्त नडतं.

मला माझा प्रकार समजला तो नणंदेच्या मुलाच्या मुंजीत. चौथा महिना चालू होता, सकाळपासून धावपळीत पोटात काही नव्हतं, आणि गरम जिलेबीची परात समोर आली. दोनच खाल्ल्या. वीस मिनिटांनी मी कार्यालयाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर आडवी होते आणि जाऊबाई मला वारा घालत होत्या. मंडपात मात्र एव्हाना बातमी पोचली होती की, मामीला दृष्ट लागली.

कधी सुरू करायचं

सुरुवातीच्या पायऱ्यांवर वाद नाही. आधी पाण्यासारखं पातळ, मग घट्ट पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण. प्रत्येक सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असतो, आपला असेल तोच पाळा. या काळात आतले टाके भरत असतात, तेव्हा "नुसती चव बघते" हा खेळ अजिबात नको.

नेहमीचं जेवण सुरू झालं म्हणजे आवडीचं खाणं सुरू झालं, असंही नाही. मध्ये मी तीन अटी घातल्या होत्या आणि त्या अजूनही कुणालाही सांगते. सलग दोन आठवडे रोजचं प्रोटीन पूर्ण पडतंय का? माझं उद्दिष्ट ६० ते ८० ग्रॅमचं होतं, तुमचा आकडा डाएटिशियनकडून घ्या. दिवसभरात घोट घोट करून दीड ते दोन लिटर पाणी जातंय का? आणि व्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, बी-१२ यातलं काही चुकतंय का? तिन्हींचं उत्तर पटेल तेव्हा तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना थेट विचारा की, आता गोड-तळलेलं थोडं चालेल का. मला सहाव्या महिन्यात होकार मिळाला. म्हणजे मुंजीतली जिलेबी बेकायदेशीरच होती.

प्रोटीनवर एवढा भर का, हे एकदा हिशेब मांडून बघा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा, ३० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत १५ च्या आसपास. पोटात एका वेळी मावतं अर्धी-पाऊण वाटी. त्यातली निम्मी जागा बटाटेवड्याने घेतली तर ६० चा आकडा रात्रीपर्यंत गाठताच येत नाही. मग केस गळतात, पायऱ्या चढताना दम लागतो, आणि आपण ऑपरेशनला दोष देत बसतो.

यादी करा आणि निर्दयपणे खोडा

कागदावर आपल्याला आवडतं ते सगळं लिहा. माझ्या यादीत चौदा पदार्थ होते. मग एकेकासमोर बसून विचारलं की, हे मला खरंच आवडतं की फक्त समोर असतं म्हणून तोंडात जातं? चहाबरोबरची खारी गेली. ऑफिसात कुणाच्याही वाढदिवसाला येणारा तो क्रीमचा केक गेला, तो कुणालाच आवडत नसावा असा मला संशय आहे. वेफर गेले. शेवटी उरले पाच: मिसळ, साबुदाणा वडा, पुरणपोळी, जिलेबी आणि चिवडा.

ऑपरेशननंतर जिभेची चवही बदलते, याचा फायदा घ्या. पूर्वी मला पेढा लागायचा, आता अर्ध्या पेढ्यात तोंड गोडमिट्ट होतं. जे आपोआप सुटलं आहे, ते सणावाराला जुन्या आठवणीने परत अंगवळणी पाडू नका. यादी दर सहा महिन्यांनी नवी करावी.

अडणारं आणि सरकणारं

हा भाग मला कुणी सुरुवातीलाच समजावून सांगायला हवा होता. आपण पदार्थांची विभागणी 'पथ्याचं' आणि 'कुपथ्याचं' अशी करतो. ऑपरेशन झालेल्या पोटाला ती विभागणी कळत नाही. त्याला एवढंच कळतं की, काही पदार्थ अडतात आणि काही सरकतात.

पाव, ताजी मऊ पोळी, भात, कोरडं चिकन, मटणाची चरबट फोड हे अडतात. पाव तर ओला झाला की त्याचा कणकेसारखा गोळा होतो. अडणारा पदार्थ त्रास देतो, पण तो स्वतःच आपल्याला थांबवतो. पावाची चौथी चकती खायची म्हटलं तरी खाता येत नाही.

सरकणारे पदार्थ वेगळे. चिवडा, शेव, फरसाण, बिस्किटं, कुल्फी, आइस्क्रीम, बासुंदी, आमरस, उसाचा रस, गोड चहा, चॉकलेट. हे तोंडात विरघळतात किंवा भुगा होऊन पाण्याबरोबर वाहून जातात. पोट भरल्याची खूण येतच नाही. छोटं पोट करून घेतलं ते ज्या कामासाठी, ते काम या पदार्थांपुढे बंद पडतं. मिसळीने माझं वजन कधी वाढलं नाही. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत मात्र पाच किलो वाढलं, आणि आठवडाभर वही लिहिल्यावर चोर सापडला: रात्री मालिका बघताना मांडीवर घेतलेला चिवड्याचा डबा, आणि सोबत चहा. चहाचा घोट चिवड्याला खाली ढकलतो, जागा रिकामी होते, हात परत डब्यात जातो.

म्हणून माझ्याकडे दोन वेगळे नियम आहेत. अडणाऱ्या पदार्थात पोटाचं ऐकायचं. सरकणाऱ्या पदार्थात पोटाचा भरवसा धरायचा नाही, तिथे वाटी बोलेल.

चिवड्याची वाटी म्हणजे आमटीची नव्हे, चटणीची. ती भरायची, डबा झाकण लावून वरच्या फळीवर ठेवायचा, आणि टेबलाशी बसून, टीव्ही-मोबाइल बंद ठेवून खायचा. चहा अर्धा तास आधी किंवा अर्धा तास नंतर. घरी आलेल्या पाहुण्यांना परत जाताना कोंडाजी चिवड्याचं पाकीट द्यायची आपल्याकडे रीत आहे, ती चालू ठेवा, पण पाहुणे निघायच्या दिवशीच आणा. चार दिवस आधी आणून ठेवलेलं पाकीट पाहुण्यांपर्यंत पोचत नाही, हा अनुभव आहे.

मिसळ: पहिली खेप

मिसळ हा खरं तर आपल्या बाजूचा पदार्थ आहे. मोडाची मटकी म्हणजे प्रोटीन, सोबत दही. घोटाळा होतो तो पाव, फरसाण आणि वरच्या तेलात. त्यामुळे पदार्थ सोडायचा नाही, त्याची मांडणी बदलायची.

घरून निघण्यापूर्वी अर्धा तास पाणी बंद करा. अगदी उपाशीही निघू नका, रांगेत पाऊण तास गेला की भुकेने घाई होते आणि घाई झाली की अडकतं. पर्समध्ये लहान चमचा ठेवा, लहान बाळाला भरवायचा असतो तेवढा. मी चार वर्षं तोच वापरते, कुणी बघत नाही.

बसल्यावर दोन रिकाम्या वाट्या मागवा. मिसळ सांगताना तर्री वेगळी सांगा. पंचवटीतली काळ्या रश्शाची असो किंवा लाल झणझणीत असो, तेल आणि तिखट वाटीत वेगळं आलं की हातात राहतं. एका वाटीत फक्त मटकी काढून घ्या, चमच्याने निथळून. त्यावर दोन चमचे दही. आधी ही मटकी अर्धी संपवायची, चमचा खाली ठेवत ठेवत, घास पातळ होईपर्यंत चावत. मोड आलेल्या कडधान्याची सालं नीट चावली नाहीत तर दुपारी गॅसने हैराण करतात.

आता शेव, चिमूटभर. शेव टाकायची ती कुरकुरीतपणासाठी, पोट भरायला नाही. मग एक चमचा तर्री. पाव हवाच असेल तर चतकोर, आणि तो तव्यावर कडक भाजून मागा. भाजलेला पाव मऊ पावापेक्षा बऱ्याच जणांना बरा सोसतो. रश्शात बुडवू नका, गोळा तिथेच तयार होतो. पहिल्या खेपेला तर पाव नकोच. ताक, सोडा, लिंबूपाणी टेबलावरून हलवा, ते जेवणानंतर अर्ध्या तासाने. फसफसणारं पेय तसंही नको, गॅसने छातीत दाटून येतं.

एकूण वीस ते पंचवीस मिनिटं लागली पाहिजेत. त्या वेळात शरीर एक बारीकशी सूचना देतं, प्रत्येकाची वेगळी असते. माझं नाक वाहू लागतं. तिखटाने वाहतं ते वेगळं, हे एकदा ओळखता आलं की चुकत नाही. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाला उगाच एक मोठा सुस्कारा. ती आली की चमचा ठेवायचा. त्यानंतरचा एक घास म्हणजे छातीच्या मधोमध दगड.

तरीही अडकलंच तर पाणी पिऊन ढकलू नका, वर येईल. उठा, शेडबाहेर द्राक्षाच्या मांडवाकडे चक्कर मारा, खोल श्वास घ्या. बहुतेक वेळा मोकळं होतं. दिवसभर घोटभर पाणीही ठरत नसेल तर मात्र डॉक्टरांना फोन.

घरी आल्यावर वहीत तीन ओळी: किती खाल्लं, किती वेळ लागला, पुढच्या तीन तासांत काय झालं. पुढची खेप पंधरा दिवसांनी. सलग दोन रविवार नको. एकदा निभावलं म्हणून दुसऱ्यांदा दुप्पट घेण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. तेव्हाचा दगड अजून आठवतो.

साबुदाणा, आणि त्यासोबत उपास

साबुदाणा वडा म्हणजे नाशिकच्या मेन रोडची ओळख, सायंताराच्या दुकानासमोर उभं राहून खाल्लेल्या वड्याला तोड नाही हे मला मान्य आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तो भराभर साखरेत बदलतो, वर तेल प्यायलेला. मी अर्धा वडा घेते, आधी पाच-सहा चमचे दही खाऊन. उरलेला दीड अहोंचा. उभं राहून नाही, बसून.

यापेक्षा मोठा प्रश्न उपासाचा आहे. एकादशी, चतुर्थी, नवरात्र. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात निर्जळी उपास करूच नका, देव रागावत नाही आणि शरीर सोडत नाही. पुढेही उपास म्हणजे दिवसभर खिचडी असं झालं तर प्रोटीन शून्यावर येतं. भगर थोडी, त्यावर शेंगदाण्याची आमटी, दही, पनीर, राजगिरा, दूध सोसत असेल तर दूध, एवढ्यात उपासाचा दिवस बरा निघतो. बायपासनंतर कित्येकांना दूध सोसेनासं होतं, पण दही-ताक चालतं. उपासाच्या दिवशीसुद्धा गोळ्या घ्यायच्या असतात. हे लिहावं लागतंय, कारण मी स्वतः पहिल्या नवरात्रात नऊ दिवस घेतल्या नव्हत्या.

जिलेबी, पुरणपोळी, आंबा

गोडाला एकच क्रम: आधी प्रोटीन, मग भाजी, शेवटी गोड. उपाशी पोटी कधीच नाही, संध्याकाळी चहाबरोबर 'तोंडात टाकायला' म्हणूनही नाही. जेवणाच्या शेवटी आलेलं गोड हळू उतरतं आणि जागा कमी असल्याने आपोआप कमी जातं. बुधा हलवाईची जिलेबी आणायची तर मोजून आणा, माणशी एक. मी एका जिलेबीचं अर्धं कडं खाते, गरम असताना, दहा मिनिटं लावून. पाकात बुडालेला मधला भाग नवऱ्याला.

सुरुवातीचे काही महिने गोड खाऊन लगेच गाडी चालवू नका. ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन अजून चालू आहे त्यांनी तर ग्लुकोमीटर जवळ ठेवाच. थरथर सुटली आणि आकडा ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, बरं वाटल्यावर थोडं पनीर किंवा अंडं खा. हे दुसऱ्यांदा झालं तर डॉक्टरांना सांगा, स्वतःच पेढा खाऊन मिटवत बसू नका. गोडाने उतरलेली साखर गोडानेच वर आणायची आणि परत उतरू द्यायची, हा पाळणा थांबत नाही.

पुरणपोळी होळीला. आपल्याकडे खरा रंग पाच दिवसांनी, रंगपंचमीला, रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या मारून खेळतात. म्हणजे होळीच्या पोळ्या उरून पंचमीपर्यंत पुरतात, हा खास नाशिकचा धोका. पोळीचा चतकोर, तुपाची धार नको तर थेंब, सोबत कटाच्या आमटीची छोटी वाटी. पुरणात डाळ असली तरी प्रोटीनचा हिशेब तिच्यावर धरू नका, गूळ तेवढाच असतो.

आंबा चिरून खा. रस काढला की तो सरकणारा पदार्थ झाला, वाटीभर रस दोन मिनिटांत जातो. तेवढ्याच आंब्याच्या फोडी चावायला दहा मिनिटं लागतात आणि दोन-तीन फोडींत समाधान होतं. द्राक्षांचंही तसंच. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत प्रत्येक घरात कुणीतरी मळ्यातली पेटी आणून टाकतं, येता-जाता दोन दोन मणी तोंडात जातात. वाटीत दहा-पंधरा मणी मोजून घ्या, पेटी शेजाऱ्यांत वाटा. बेदाणे म्हणजे पाणी काढलेली द्राक्षंच, मूठभर बेदाण्यात द्राक्षांचा मोठा घोस असतो.

वाईनबद्दल स्पष्टच

नाशकात राहून हा विषय टळत नाही. गंगापूर धरणाकडचे द्राक्षमळे, सुला, पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे, 'एक ग्लास तर घे'. मी इथे बाकीच्या पदार्थांसारखी मवाळ नाही.

ऑपरेशननंतर दारू शरीरात फार लवकर चढते. ती जठरात थांबत नाही, थेट आतड्यात उतरते आणि रक्तातलं प्रमाण काही मिनिटांत वर जातं. पूर्वी दोन ग्लासांनी जे व्हायचं ते एकाने होतं, आणि उतरायलाही वेळ लागतो. शिवाय खाण्यातून मिळणारा दिलासा बंद झाला की, काही जण नकळत तो पेल्यात शोधतात. बायपास झालेल्यांमध्ये दारूचं व्यसन लागण्याचा धोका वाढतो हे अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि ते पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षात आणि पुढे जास्त दिसतं. म्हणजे सगळं सुरळीत चाललंय असं वाटू लागतं, नेमकं तेव्हा.

निदान पहिलं वर्षभर अजिबात नाही. त्यानंतर डॉक्टरांना विचारून, लिव्हर ठीक असेल, घरात व्यसनाचा इतिहास नसेल तर क्वचित कधीतरी अर्धा ग्लास, जेवणानंतर, घोट घोट. गोड वाईन नको, बुडबुड्यांची नको. आणि अर्ध्या ग्लासानंतरही गाडी चालवायची नाही, परतीच्या वाटेवर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात. मी पाहुण्यांबरोबर जाते, मावळता सूर्य बघते, चीजचे तुकडे खाते. चीजमध्ये प्रोटीन असतं.

सिगारेटला तर 'बेताने' असा प्रकारच नाही. बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो.

आग्रह

पदार्थ पोटाने अडतो, माणसं अडत नाहीत. "बघ, माझ्या हातचं नाही खाल्लंस," हे वाक्य सासूबाईंनी पहिल्या वर्षी इतक्या वेळा म्हटलं की, मी एकदा स्वयंपाकघरात रडले होते. त्यांचीही चूक नव्हती. आमच्याकडे प्रेम वाढायचं तेच मुळी ताटात.

"पोट भरलं" यावर महाराष्ट्रात कुणी विश्वास ठेवत नाही. "डाएट चालू आहे" म्हटलं तर लोक जास्तच वाढतात. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे थोडं चालतं. सगळ्यांत उत्तम चालतं ते: "आई, डब्यात द्या ना, रात्री निवांत खाते." वाढणारीचा मान राहतो आणि पदार्थ आपल्या ताब्यात येतो. पंगतीत बसायचं तर आधी ताटात लिंबू, चटणी, कोशिंबीर पसरून घ्या, ताट भरलेलं दिसतं. वाढपी पुढे सरकेपर्यंत चावत राहा, तोंड रिकामं दिसलं की वाढतात.

सांगायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी सुरुवातीला लपवलं, पुढे सासूबाईंना सोनोग्राफीचा कागद समोर ठेवून सगळं समजावलं. त्यानंतर त्याच पहारेकरी झाल्या. परवा एका लग्नात मोठ्या आत्याबाई गुलाबजाम घेऊन आल्या, तर सासूबाईंनी हात आडवा धरून सांगितलं, "तिला नको, मला द्या."

काटा आणि वही

आठवड्यातून एकदाच वजन करा, सोमवारी सकाळी, चहाच्या आधी. रोज केलं तर डोकं फिरतं, महिन्याने केलं तर उशीर होतो. दीड-दोन वर्षांनी सगळ्यांत कमी वजन गाठल्यावर थोडं परत चढणं बहुतेकांना होतं, त्याने घाबरू नका. माझी लक्ष्मणरेषा दोन किलोची आहे. ती ओलांडली की यादीतले पाचही पदार्थ पंधरा दिवस बंद, वही परत सुरू, प्रोटीन आधी. बहुधा सरकणाऱ्यातलाच कुणीतरी सापडतो.

आवडीचं खाणं आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा, आणि ते आदल्या दिवशी ठरलेलं. कॉलेज रोडवरून जाता जाता वास आला म्हणून थांबलो, हे त्यात धरलं जात नाही.

गोळ्यांचं एक: लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, ती अंगी लागत नाही. लोह आणि कॅल्शियममध्येही दोन तासांचं अंतर हवं. लग्नाच्या जागरणानंतर डोकं दुखलं तर कपाटातली कुठलीही दुखण्यावरची गोळी गिळू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या बायपासवाल्यांनी टाळायच्या असतात, कोणती चालेल हे आधीच लिहून घ्या. आणि वारंवार उलट्या, काळी शी, पोटात न थांबणारी कळ, चालताना झोक जाणं किंवा एकाचे दोन दिसणं, यात घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी दवाखाना. बरेच दिवस उलट्या चालल्या की बी-१ कमी पडतं, त्याने मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

उरलेल्याचं काय

आपल्या पोटामुळे आता प्रत्येक ताटात उरतंच. वाया जातं म्हणून संपवण्याची सवय लहानपणापासूनची, ती सोडायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. आता मिसळीतली मटकी निथळून डब्यात आणते, दुसऱ्या दिवशी अंड्याच्या पोळीत भरते. चांगली लागते, तिखट मुरलेलं असतं. पुरणपोळीचे चतकोर करून फ्रीझरमध्ये, प्रत्येक वेगळा गुंडाळून, म्हणजे एक काढला की एकच निघतो. चिवडा छोट्या बरण्यांत. जिलेबी मात्र घरात रात्र काढू देऊ नका. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये दहावीतला एक मुलगा आहे, त्याला हाक मारली की प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.